वसाहतींचा इतिहास जहाजांपुरता नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत सुरू झालेल्या युरोपीय दर्यावर्दींवरील लेखमालेचा पहिला भाग वाचला. होकायंत्र, जहाजबांधणी, तोफा आणि राजाश्रय यांची माहिती त्यात नेटकेपणाने आली आहे. मात्र १२ ऑक्टोबर १४९२ रोजी कोलंबसने अमेरिकेजवळच्या एका बेटाच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवले आणि पुढे या सामर्थ्याच्या बळावर वसाहती एकापाठोपाठ एक उभ्या राहत गेल्या, असा जो समज लेखाच्या उत्तरार्धातून होतो, त्याला माझी हरकत आहे, तशीच लेखातील ‘ओसाड किनारा’ या शब्दप्रयोगालाही. किनारा गाठणे वेगळे आणि तेथे वर्षभर पोट भरणे वेगळे. सुरुवातीच्या बहुतेक वसाहतींचे घोडे या दुसऱ्या गोष्टीपाशीच अडले होते.

कोलंबसचेच पाहा. १४९२ च्या नाताळात त्याचे ‘सांता मारिया’ हे जहाज कॅरिबियन समुद्रातील हिस्पॅनिओला बेटाच्या उत्तर किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात रुतले, तेव्हा माल उतरवून घ्यायला ग्वाकानागारी या ताइनो (बेटावरचे मूळ रहिवासी) प्रमुखाची माणसे आपल्या होड्या घेऊन आली. त्याच जहाजाच्या लाकडातून ‘ला नाव्हिदाद’ हा कोट उभारून कोलंबस ३९ माणसे मागे ठेवून गेला. पुढल्या वर्षी नोव्हेंबरात तो १७ जहाजांचा ताफा घेऊन परतला, तर कोट जळून गेलेला आणि त्यातला एकही माणूस जिवंत नाही. १४९४ मध्ये वसवलेले ‘ला इसाबेला’ही काही वर्षांतच ओस पडले.

इंग्रजांची गत याहून बरी नव्हती. १६०७ च्या मे महिन्यात व्हर्जिनिया कंपनी या इंग्रज व्यापारी कंपनीच्या १०४ माणसांनी उत्तर अमेरिकेतील जेम्सटाउन या वसाहतीसाठी जी जागा निवडली, ती स्पॅनिश जहाजांपासून बचाव करायला सोयीची असली तरी दलदलीची होती आणि तेथील पाणी मचूळ होते. वर्ष सरता सरता त्यांतले ३८ जण उरले. कंपनीला घाई सोन्याची, माणसांना गरज मक्याची. आणि तो मका पोव्हॅटन या तेथील मूळ रहिवाशांच्या प्रमुखाच्या लोकांकडून कधी तांब्याच्या बदल्यात, तर कधी दांडगाईने मिळवला जात होता. जुन्या झाडांच्या खोडांतील वर्तुळांवरून आता असे दिसते की, १६०६ ते १६१२ ही वर्षे तेथे भीषण अवर्षणाची होती, म्हणजे ज्यांच्याकडे मका मागितला जात होता त्यांच्याच कणग्या रिकाम्या होत्या. १६०९-१० च्या हिवाळ्यात पोव्हॅटनने कोटाची नाकेबंदी केली, तेव्हा आतल्या लोकांनी घोडे, कुत्री, उंदीर आणि अखेर बुटांचे चामडेही खाल्ले. २०१२ मध्ये तेथील उत्खननात सुमारे चौदा वर्षांच्या एका इंग्रज मुलीची कवटी सापडली. तिच्यावरील शस्त्राच्या खुणांवरून मृत्यूनंतर तिचे मांसही खाल्ले गेले, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला आहे. वसंतात उरलेली साठेक माणसे १६१० च्या जूनमध्ये गाशा गुंडाळून निघालीही होती. वाटेत नव्या गव्हर्नरची जहाजे येत असल्याचा निरोप मिळाला नसता, तर जेम्सटाउनचे नाव आज फारसे कोणी घेतले नसते.

‘मेफ्लॉवर’ या इंग्रज जहाजाने वसाहत करायला गेलेल्या १०२ प्रवाशांची कथा सर्वश्रुत आहे, पण तिची सुरुवात सहसा सांगितली जात नाही. १६२० च्या नोव्हेंबरात उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील केप कॉड येथील वाळूत त्यांना काही उंचवटे दिसले. जवळच कोणा युरोपीय जहाजावरचा मोठा हंडा सापडला आणि उंचवटा उकरल्यावर त्याच वर्षीच्या मक्याने भरलेली नवी टोपली निघाली. कणसे पिवळी, लाल आणि काही निळसर दाण्यांची. ते कोणाचे तरी साठवलेले धान्य होते. त्यांनी ते उचलले, पुढे त्याची भरपाईही केली, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. तरीही त्या हिवाळ्यात निम्मी माणसे दगावली.

ज्या मोकळ्या शेतांवर त्यांनी प्लिमथ ही वसाहत वसवली, ती मुळात कोणाची नसलेली नव्हती. ते पटक्सेट नावाचे गाव होते आणि युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या साथीने ते अवघ्या काही वर्षांपूर्वी बेचिराख झाले होते. तेथला टिस्क्वांटम १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने पळवून स्पेनमध्ये विकायला नेला होता. तो इंग्लंडमार्गे १६१९ मध्ये परतला, तेव्हा गावात कोणीच उरले नव्हते. मक्याच्या पेरणीत मासळीचे खत कसे घालायचे, हे प्लिमथच्या लोकांना त्याने शिकवले, तेही त्याच्याच गावच्या जमिनीवर. मूळ रहिवाशांची ही मदत म्हणजे निव्वळ भाबडेपणा होता, असे मात्र कोणी समजू नये. साथीने खिळखिळ्या झालेल्या वाम्पानोआग या त्या भागातील मूळ रहिवाशांचा प्रमुख मासासॉइट याला शेजारच्या नॅरागान्सेट लोकांचे भय होते आणि १६२१ च्या मार्चमधील प्लिमथच्या इंग्रजांशी तह त्याने पूर्ण हिशेबाने केला. तो हिशेब पुढे उलटला. त्याचाच मुलगा मेटाकॉम १६७५ मध्ये इंग्रजांशी लढायला उभा राहिला आणि पुढल्या वर्षी मारला गेला.

लेखमालेचा पुढील भाग उत्तर अमेरिकेवर असल्याची सूचना लेखाखाली आहे. त्यात ‘ओसाड किनारा’ हा शब्दप्रयोग पुन्हा येऊ नये आणि नकाशावर प्लिमथच्या जोडीने पटक्सेट हे नावही छापले जावे, एवढी विनंती.

आपला,
एक नियमित वाचक