अंतर भागिले वेग म्हणजे विमानप्रवास नव्हे

संपादक महोदय,

आपल्या प्रवास पुरवणीत दोन शहरांमधले अंतर आणि विमानाला लागणारा वेळ यांची चौकट असते. त्यातले अंतर बहुधा बरोबर असते. तास मात्र त्या अंतराला सरळ ताशी ९०० किलोमीटरने भागून काढलेले दिसतात आणि तिथेच गडबड होते.

लंडन–न्यूयॉर्क घ्या. हवाई अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर, म्हणजे जेमतेम ३,००० सागरी मैल. (कुठे ३,४४० मैल दिसले तर ते जमिनीवरचे मैल समजावेत.) भागाकार येतो सहा तास दहा मिनिटे. वेळापत्रकात जाताना आठ तासांच्या आसपास आणि येताना सात तासांच्या आसपास असतात. कारण वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे थांबेपर्यंतचा असतो. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. गर्दीच्या विमानतळावर धावपट्टी गाठायलाच वीस मिनिटे जातात. १०,००० फुटांखाली सहसा २५० नॉटची (म्हणजे ताशी २५० सागरी मैलांची) वेगमर्यादा असते आणि ३५,००० फुटांवरून उतरायची तयारी शंभरेक सागरी मैल आधीच सुरू होते. म्हणून ४०० किलोमीटरच्या उड्डाणाला भागाकाराने सत्तावीस मिनिटे आली तरी वेळापत्रक तासाच्या वरच असते.

येण्याजाण्यातला फरक वाऱ्याचा. अटलांटिकवरचा जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. तो ताशी १०० किलोमीटर धरला तर हवेतला वेळ एका दिशेला ५ तास ३२ मिनिटे, दुसऱ्या दिशेला ६ तास ५५ मिनिटे. दोन्हींची बेरीज वारा नसतानाच्या फेरीपेक्षा नऊ मिनिटांनी जास्त भरते. वारा जे देतो ते परतीला व्याजासकट वसूल करतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यावर स्वार झालेले ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरले. जमिनीवरून मोजलेला वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, पण हवाच सोबत पळत असल्याने ध्वनीचा वेग ओलांडला वगैरे काही झाले नव्हते.

चौकटीतल्या नकाशावरची सरळ रेघही फसवी. न्यूयॉर्क लंडनच्या बरेच दक्षिणेला आहे, तरी सर्वांत जवळची वाट लंडनहून वायव्येकडे निघते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला की लगेच कळते. आणि ही वाटही दर वेळी मोकळी मिळतेच असे नाही. २०२२ मध्ये रशियाचे आकाश युरोपीय विमानांना बंद झाले आणि हेलसिंकी–टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून तेरा तासांच्या घरात गेला. शहरांमधले अंतर होते तेवढेच.

घड्याळाची चूक तर वारंवार दिसते. लंडनहून सकाळी ११ ला निघून न्यूयॉर्कला दुपारी २ ला पोहोचले, म्हणजे प्रवास तीन तासांचा नव्हे, आठ तासांचा. घड्याळातला पाच तासांचा फरक मिळवायला हवा. तोही मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेर एक आठवडा चारच तासांचा असतो, कारण दोन्ही देश घड्याळे एकाच दिवशी बदलत नाहीत.

जागेअभावी एकच आकडा छापायचा असेल, तर अंतराला ८५० ने भागून त्यात पाऊण तास मिळवावा. पूर्व–पश्चिम लांब पल्ल्याला मात्र जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगवेगळा द्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक