शुगरचा आणि थायरॉइडचा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून वाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत कधी थायरॉइडवर लेख येतो, कधी डायबिटीसवर, कधी कोलेस्टेरॉलवर. मी सगळे वाचते, कात्रणं पण काढून ठेवते, लेख चांगलेच असतात, पण दर वेळी वाटतं की ज्या माणसाला हे तिन्ही एकदम लागू आहेत त्याच्यासाठी कोणी लिहीतच नाही. आमच्या घरात अशी माणसं आहेत म्हणून हे पत्र, जरा लांबलंय पण प्लीज पूर्ण वाचा.

माझ्या धाकट्या बहिणीला १४व्या वर्षी टाइप वन डायबिटीस निघाला, तेव्हापासून इन्सुलिनवर आहे आणि स्वतःचं सगळं नीट बघते. मागच्या वर्षी अचानक पहाटे तिची शुगर लो व्हायला लागली. पहिल्यांदा ५८, मग चार दिवसांनी ४९. त्या ४९ च्या रात्री मी तिच्या शेजारीच झोपले होते, जाग आली ती ती काहीतरी पुटपुटत होती म्हणून, हात लावला तर कपडे घामानं चिंब आणि बोटं बर्फासारखी, पट्टीवर घ्यायला रक्ताचा थेंबच येईना, चोळून चोळून कसाबसा आला. ग्लुकोज पाजलं, पंधरा मिनिटांनी परत शुगर बघितली, ती पंधरा मिनिटं मी विसरू शकत नाही.

डॉक्टरांनी इन्सुलिन कमी केलं. परत लो. परत कमी केलं. आणि मग सुरू झालं "तू जेवत नाहीस का नीट", "व्यायाम जास्त करतेस का", घरात आम्ही सगळे तिच्या ताटावर नजर ठेवायला लागलो, मी पण, याचं मला आजही वाईट वाटतं. ती रडून सांगायची, अगं ताई मी खाते गं सगळं. खरंच खात होती.

शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. चेहरा सुजल्यासारखा, आवाज घोगरा, कातडी कोरडी, पोट साफ होत नाही, थंडी सहन होत नाही. टीएसएच करायला सांगितली, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, थायरॉइड मंद असलं की हा आकडा वाढतो. आली ३८. साधारण ४ च्या आसपास वरची मर्यादा असते, लॅबप्रमाणे थोडी बदलते. अँटी-टीपीओ पण पॉझिटिव्ह, म्हणजे शरीराचीच प्रतिकारशक्ती थायरॉइडवर उठलेली. टाइप वनमध्ये ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उठते, इथे गळ्यातल्या ग्रंथीवर, म्हणजे दोन्ही एकाच कुळातले आजार.

त्या बाईंनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. टोचलेलं इन्सुलिन काही कायम रक्तात राहत नाही, लिव्हर आणि किडनी ते मोडून काढत असतात. थायरॉइड मंद झालं की हे मोडणं पण मंद होतं, म्हणजे तेवढ्याच युनिटचा असर जास्त वेळ टिकतो. त्यात लिव्हर रात्री जी साखर रक्तात सोडत असतं ती कमी सोडतं आणि आतड्यातून साखर शोषली जाण्याचा वेगही कमी होतो. सगळं एकाच बाजूला झुकतं, शुगर लो होण्याच्या. आता उलटं बघा, थायरॉइड जास्त चालत असेल तर इन्सुलिन भराभर संपतं, लिव्हर साखर जास्त बनवतं, आणि आधी नीट असलेली शुगर कारण नसताना वर जाते. तेव्हा पण पेशंटलाच बोलणी बसतात की पथ्य पाळत नाही.

थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, सुरू झाल्यावर हळूहळू तिचं इन्सुलिन परत वाढवावं लागलं. तिला वाटलं माझा डायबिटीस बिघडला. बिघडला नव्हता, शरीर मूळ वेगावर येत होतं. हे जर गोळी सुरू करतानाच सांगितलं असतं तर दोन महिने ती घाबरून राहिली नसती. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या शिफारशीत स्पष्ट आहे की टाइप वनचं निदान झाल्यावर लवकरच थायरॉइड तपासा आणि नंतर एक-दोन वर्षांनी परत परत तपासत राहा. माझ्या बहिणीची त्याआधी सहा वर्षं एकदाही झाली नव्हती. आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आता माझी गोष्ट. बहिणीचं निघाल्यावर मी पण तपासण्या केल्या. माझी एचबीएवनसी आली ६.६, म्हणजे ६.५ ची डायबिटीसची रेषा ओलांडलेली, पण उपाशीपोटीची शुगर ९४ आणि घरी मीटरवर जेवणानंतरची पण कधी १४० च्या वर नाही. मला काही हे गणित जुळेना. टीएसएच २२ निघाली तेव्हा जुळलं. एचबीएवनसी म्हणजे लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे त्याचं माप, आणि लाल पेशी जगते साधारण १२० दिवस. थायरॉइड मंद असलं की नव्या लाल पेशी कमी बनतात, रक्तात जुन्या पेशी जास्त राहतात, आणि जुनी पेशी जास्त दिवस साखरेत मुरलेली असते. त्यामुळे शुगर तेवढीच असून आकडा फुगू शकतो. लोहाच्या कमतरतेच्या ॲनिमियात पण असंच होतं, आणि बायकांमध्ये दोन्ही एकत्र असणं काही नवल नाही. पाच महिने थायरॉक्सिन घेतल्यावर माझा आकडा ६.१ आला, मीटरचे आकडे होते तिथेच. ६.१ म्हणजे काही निर्धास्त नाही, ५.७ पासून प्रीडायबिटीस धरतात, मी चालणं आणि खाणं दोन्हीकडे लक्ष देतेच आहे. पण डायबिटीसचा शिक्का आणि आयुष्यभराची गोळी, ते नुसत्या एका आकड्यावरून झालं असतं.

कोलेस्टेरॉलचं पण तसंच. थायरॉइड कमी असलं की लिव्हर रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, नीट उचलत नाही, ते वाढतं. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, सुरू करायच्या आधी टीएसएच बघायलाच हवी, कारण थायरॉइड उपचाराविना असेल तर स्टॅटिननं स्नायू दुखण्याचा धोका जास्त असतो.

वजनाबद्दल मात्र खरं ते बोलू. थायरॉइडमुळे वाढणारं वजन बहुतेक वेळा थोडंच असतं, आणि त्यातलं बरंचसं मीठ-पाण्याचं. उलट लठ्ठपणामुळेच टीएसएच जराशी वर जाते आणि वजन उतरलं की खाली येते, हे कितीजणांना माहीत आहे? म्हणून टीएसएच ५ किंवा ६ आली की लगेच "थायरॉइडनं जाड झाले" म्हणणं बरोबर नाही. आणि काहीजणी बारीक व्हायला थायरॉइडच्या गोळ्या मनानेच घेतात, हे वाचून माझ्या पोटात गोळा येतो. जास्त थायरॉक्सिननं हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात, आणि डायबिटीस असेल तर शुगर पण वर जाते.

अजून एक, केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना सांगा. बायोटिनमुळे काही मशीनवर टीएसएच खोटी कमी आणि टी-फोर (थायरॉइडचं हार्मोन) खोटी जास्त येते, निदान दोन दिवस आधी बंद ठेवायला सांगतात. थायरॉक्सिन उपाशीपोटी, आणि कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या त्यानंतर चार तासांनी. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी परत टीएसएच, त्याआधी करून उपयोग नाही.

संपादक साहेब, माझी मागणी एवढीच की एक आख्खं पान या दोन्ही आजारांवर एकत्र द्या, एखाद्या एंडोक्रिनॉलॉजिस्टकडून, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडून, लिहून घ्या, आणि त्यात इन्सुलिनवर असलेल्या माणसाची शुगर कारण नसताना वारंवार लो होत असेल तर थायरॉइड तपासा, हे ठळक अक्षरात छापा. आमच्याकडे आता एकच वही आहे, डाव्या पानावर शुगर आणि इन्सुलिनचे युनिट, उजव्या पानावर टीएसएच आणि थायरॉक्सिनचा डोस, तारखेसकट, डॉक्टरकडे जाताना तीच नेतो.

नाव छापू नये ही विनंती. बहिणीला वाचून दाखवूनच पाठवते आहे, तिनेच ४९ च्या रात्रीचं लिही म्हणून सांगितलं.

आपली,
एक नियमित वाचक