शुश्रूषा करणाऱ्यांना विसावा मिळण्यासाठी रुग्णांच्या तात्पुरत्या निवासाची सोय हवी

महोदय,

स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरी शुश्रूषा करणारी व्यक्ती, आणि ती बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी असते, कित्येक वर्षे सलग झोपलेली नसते. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलावी लागते, नळीवाटे अन्न देण्याच्या वेळा सांभाळाव्या लागतात आणि रात्री दार उघडून बाहेर पडू पाहणाऱ्यावर लक्ष ठेवावे लागते. स्वतःच्या मोतिबिंदूची शस्त्रक्रियाही ती पुढे ढकलत राहते, कारण तेवढे दिवस रुग्णाकडे पाहणार कोण, हा प्रश्न सुटत नाही.

ब्युरोमार्फत मावशी ठेवणे निवृत्तिवेतन नसलेल्या घराला झेपत नाही. अनेक वृद्धाश्रम पंधरा दिवसांसाठी रुग्ण घेत नाहीत, अंथरुणावरचा तर नाहीच. आयुष्मान भारत योजनेत २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळाले, ही मोठी गोष्ट आहे. मात्र ते रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यास या अपंगांसाठीच्या संस्थेच्या ‘समर्थ’ योजनेत तात्पुरत्या निवासाची कल्पना आहे, पण स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांपुरतीच. म्हातारपणी स्मृतिभ्रंश झालेल्यांची कुटुंबे तिच्याबाहेर राहतात.

ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम १९ मध्ये निराधार वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांच्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे. अशा वृद्धाश्रमांत किंवा उपजिल्हा रुग्णालयांत थोड्या खाटा अशा रुग्णांच्या आठ-पंधरा दिवसांच्या निवासासाठी राखून ठेवाव्यात, अशी माझी राज्य शासनाला आग्रहाची विनंती आहे. त्या माफक शुल्कात आणि आगाऊ नोंदणीने मिळाव्यात, पण शुश्रूषा करणारी बाई स्वतःच आजारी पडली तर त्याच दिवशी मिळेल अशी एखादी खाट मोकळी असावी. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण अनोळखी जागेत बिथरतो, म्हणून त्याला कोणत्या नावाने हाक मारतात, तो कशाने शांत होतो, हे कर्मचाऱ्यांनी घरच्यांकडून आधीच लिहून घ्यावे. ज्यांना घराबाहेर नेणे शक्यच नाही, त्यांच्यासाठी आठवड्यातून एक दिवस प्रशिक्षित मदतनीस घरी पाठवावा.

आईला चार दिवस दुसरीकडे ठेवले तर नातेवाईक काय म्हणतील, या धास्तीने कित्येक जणी मदत मागतच नाहीत. सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांनीच रुग्णाबरोबर तिचीही विचारपूस करून ही सोय लिहून दिली, तर तिला ती मोकळेपणाने घेता येईल.

आपली,
एक वाचक, सातारा