हाडात भरायचं सिरॅमिक पोलादी नसतं हो

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत कृत्रिम हाडांवर लेख आला, हेडिंग होतं 'आता हाड मोडायची चिंता नको', आणि आत लिहिलं होतं की कॅल्शियम फॉस्फेटचं सिरॅमिक वापरून शास्त्रज्ञांनी खऱ्या हाडापेक्षा मजबूत हाड तयार केलंय, प्लेट-स्क्रू आता इतिहासजमा होणार वगैरे. विषय घेतलात हे चांगलंच केलंत. पण मजबुतीचं जे छापलंय ते साफ उलटं आहे, आणि ह्याच पावडरी भट्टीत भाजण्यात माझी सगळी नोकरी सरली म्हणून गप्प बसवेना.

हायड्रॉक्सिॲपटाइट ह्या कॅल्शियम फॉस्फेटची पावडर प्रेसमध्ये दाबायची, 1200 डिग्रीच्या आसपास भाजायची, की पांढरीशुभ्र टणक चकती हातात येते. वरून दाबा, भरपूर दाब सोसते. टेबलावरून फरशीवर पडली की खेळ खल्लास. एकदा बारीकशी चीर पडली की तिला अडवायला आत काहीच नसतं ना. खऱ्या हाडात वजनाने साधारण दोन तृतीयांश खनिज असतं आणि ते ह्या पावडरीच्याच जातीचं असतं हे खरंय, पण बाकीच्यात कोलाजेन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात, पाणी असतं, आणि चीर पुढे सरकायला लागली की हे धागे तिला ताणून धरतात, वाट वळवायला लावतात. त्यात परत हाडात भरायचं सिरॅमिक म्हणजे त्याला छिद्रं हवीत, 100 मायक्रॉनपेक्षा मोठी, आणि नुसती छिद्रं नाही तर एकमेकांत उघडणारी, म्हणजे पेशी आणि रक्तवाहिन्या आतपर्यंत शिरतील, आणि छिद्रं वाढवली की मुळातच ठिसूळ असलेली वस्तू आणखी ठिसूळ होते. लेखात 'सच्छिद्र तरीही पोलादी' असं छापलंय. आता काय बोलायचं!

मग सर्जन लोक हे वापरतात तरी कशाला? तर बघा, गुडघ्याच्या खाली नडगीच्या हाडाचं जे वरचं रुंद टोक असतं ते अपघातात खचतं, म्हणजे सांध्याचा पृष्ठभागच खाली बसतो. सर्जन तो खालून हळूच उचलून जागेवर आणतो, पण आतलं जाळीदार हाड चेपलेलं असतं त्यामुळे त्याच्याखाली पोकळी उरते. त्या पोकळीत सिरॅमिकचे एक-दोन मिलिमीटरचे दाणे रुग्णाच्याच रक्तात भिजवून ठासून भरतात, नाहीतर कॅल्शियम फॉस्फेट सिमेंट सिरिंजने सोडतात, आणि बाजूने प्लेट-स्क्रू लावतातच. उचललेला भाग परत खाली बसू नये म्हणून आतून टेकू द्यायचा आणि नव्या हाडाला चढायला मांडव द्यायचा, एवढंच ह्या भरावाचं काम. शरीराचा भार प्लेट घेते. कमरेच्या हाडातून स्वतःचंच हाड काढून भरायची पद्धत आजही आहेच, त्यात जिवंत पेशी असतात म्हणून हट्टी, न जुळणाऱ्या फ्रॅक्चरला ती अजूनही सरस, पण तिथली दुसरी जखम कधीकधी मूळ दुखण्यापेक्षा जास्त छळते. ती वाचते हा सिरॅमिकचा मोठा फायदा, आणि लेखात नेमका तोच नाही.

दुसरं म्हणजे लेखात सगळं कॅल्शियम फॉस्फेट एकाच पोत्यात भरलंय. हायड्रॉक्सिॲपटाइटमध्ये कॅल्शियम-फॉस्फरसच्या अणूंचं प्रमाण 1.67, ट्रायकॅल्शियम फॉस्फेटमध्ये 1.5. कागदावर किरकोळ फरक, शरीरात जमीन-अस्मानाचा. पहिलं जवळजवळ विरघळतच नाही, वर्षानुवर्षं तसंच बसून राहतं. दुसरं काही महिन्यांत ते वर्ष-दोन वर्षांत जिरतं, थोडं आपोआप विरघळून आणि थोडं हाड खाणाऱ्या पेशींच्या तोंडी जाऊन, आणि त्या पेशींच्या मागोमाग हाड बांधणाऱ्या पेशी येतात. जिरण्याचा वेग हीच खरी ग्यानबाची मेख आहे. नवं हाड यायच्या आधी भराव गेला तर पोकळी परत उघडी पडते, आणि गेलाच नाही तर नव्या हाडाला जागा कुठली? म्हणून दोन्ही मिसळून भाजतात आणि प्रमाण बदलून वेग हवा तसा ठरवतात. माझ्या मते ह्या मटेरियलमधली खरी हुशारी ही आहे, मजबुती नाही. एक्स-रेत हे दाणे पांढरे ठळक दिसतात, हायड्रॉक्सिॲपटाइटचे तर कित्येक वर्षांनीसुद्धा, आणि बिचारे रुग्ण उगाच घाबरतात की हाड भरलंच नाही.

उलटा प्रकार खुब्याच्या कृत्रिम सांध्यात. तिथे टायटॅनियमच्या दांड्यावर हायड्रॉक्सिॲपटाइटचा पातळ थर देतात, 1980 च्या दशकाच्या मध्यापासून हे चालू आहे, पावडर प्लाझ्माच्या, म्हणजे प्रचंड तापलेल्या वायूच्या, झोतातून मारतात. तो थर लवकर जिरून चालत नाही, हाड येऊन घट्ट चिकटेपर्यंत तो टिकायला हवा. भार धातू घेतो आणि सिरॅमिक हाडाशी गट्टी जमवतं, ज्याचं काम त्याने करावं.

आणि 'नुकताच लागलेला शोध' हे कुठून आलं? फ्रेड अल्बी ह्या अमेरिकन सर्जनने ट्रायकॅल्शियम फॉस्फेट सशांच्या हाडांत वापरून त्याचे निष्कर्ष 1920 साली छापलेत. शरीरात घट्ट होणारं कॅल्शियम फॉस्फेट सिमेंट ब्राउन आणि चाऊ ह्यांनी 1980 च्या दशकात आणलं. त्याचा फोटो म्हणून तुम्ही जो छापलाय तो बोन सिमेंटचा आहे आणि ते वेगळंच प्रकरण, ते ॲक्रिलिक प्लास्टिक असतं, घट्ट होताना चांगलंच तापतं आणि त्याचं हाड कधीच होत नाही.

एवढं सगळं लिहायचं कारण असं की लेखाचं कात्रण घेऊन एखादा रुग्ण 'मला प्लेट नको, सिरॅमिकच बसवा' म्हणून अडून बसला, किंवा आता हाड अतूट झालं समजून सांगितलेल्या मुदतीच्या आधीच पायावर उभा राहिला, तर भोगायचं त्यालाच आहे. तेव्हा दुरुस्ती छापा. पहिल्या पानावर नको, त्याच पुरवणीत छापली तरी चालेल, पण त्यात एवढं स्पष्ट येऊ द्या की हा भराव आहे, भार घेणारं हाड नाही, आणि फोटो बदला.

आपला,
मटेरियल्स लॅबमधला एक जुना वाचक