ओल्ड फॅशन्डमधलं कडू काढू नका

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरी करायच्या कॉकटेलवर एक पान आलं होतं. पाककृतींची पानं कापून वहीत चिकटवायची माझी जुनी सवय आहे. हेही पान कापलं, पण ओल्ड फॅशन्डची कृती वाचल्यावर ते चिकटवायला हात होईना. व्हिस्की ६० मिली, साखरेचा पाक ३० मिली, अर्धा ग्लास संत्र्याचा रस, वर डब्यातली चेरी. आणि शेवटी एक ओळ : 'बिटर्स मिळाले नाहीत तरी चालेल.'

नाही चालणार. बिटर्स म्हणजे कडू वनस्पती दारूत भिजवून काढलेला अर्क, थेंबाथेंबाने घालायचा. एवढंच सांगायला हे पत्र लिहिते आहे. थोडं लांबेल, पण शक्यतो कापू नका.

मी मिरजेची. इथल्या एका रुग्णालयाच्या औषधविभागात ३४ वर्षं फार्मासिस्ट म्हणून काम करून निवृत्त झाले. आम्ही डिप्लोमा केला तेव्हा मिश्रणं हाताने करायला शिकवत. मोजपात्र डोळ्याच्या पातळीला धरायचं, द्रवाची खालची कड रेघेला टेकली की थांबायचं. तपकिरी बाटलीत मिक्स्चर भरून झालं की कागदाच्या पट्टीला कात्रीने कंगोरे पाडायचे आणि ती बाटलीला उभी डकवायची, म्हणजे एक कंगोरा म्हणजे एक डोस. वरच्या फळीवर टिंक्चरच्या बाटल्या असत. त्यातली जेन्शियनची, म्हणजे एका कडू मुळीची, बाटली उघडली की जिभेच्या मुळाशी नुसत्या वासानेच कडू यायचं. भूक मेलेल्या पेशंटला जेवणाआधी देत असत ते. जिभेला कडू लागलं की तोंडाला पाणी सुटतं, पोटातले पाचक रस सुटायला लागतात, असं त्यामागचं शास्त्र आम्हाला शिकवलं होतं.

सहा वर्षांपूर्वी सुनेने परदेशातून अंगोस्टुरा बिटर्सची बाटली आणली. पिवळं टोपण, आणि लेबल बाटलीपेक्षा मोठं, वर गळ्याशी फाकलेलं. तळहातावर दोन थेंब घेऊन चाटले आणि मी थेट आमच्या औषधविभागात जाऊन उभी राहिले. तेच जेन्शियन. लेबल वाचलं तर खरोखरच त्यात जेन्शियन होतं.

मग मी या विषयाच्या मागेच लागले. योहान सीगर्ट नावाचा जर्मन डॉक्टर, दक्षिण अमेरिकेतला स्वातंत्र्ययोद्धा बोलिव्हार याच्या सैन्यातला शल्यचिकित्सक. त्याने १८२४ साली व्हेनेझुएलातल्या अंगोस्टुरा गावी हा अर्क बनवला, पोटाचं औषध म्हणून. गावाचं नाव आज सिउदाद बोलिव्हार आहे, आणि बिटर्स आता त्रिनिदादमध्ये तयार होतात. दुसरे प्रसिद्ध बिटर्स पेशोचे. अँत्वान पेशो हा न्यू ऑर्लिन्समधला औषधविक्रेता, माझ्याच धंद्यातला माणूस. त्याच्याही बाटलीत जेन्शियनच. म्हणजे जी वस्तू तुमच्या पानावर 'नसली तरी चालेल' ठरली, ती औषधाच्या फळीवरून बारमध्ये गेली आणि तिनेच कॉकटेल घडवलं.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. कॉकटेल म्हणजे काय, याचा छापील खुलासा एका संपादकानेच केलेला आहे, आणि तोही वाचकाच्या पत्राला उत्तर म्हणून! न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका साप्ताहिकाने मे १८०६ मध्ये निवडणूक हरलेल्या उमेदवाराच्या खर्चाची गमतीशीर यादी छापली. त्यात पंचवीस ग्लास 'कॉक-टेल' असा उल्लेख होता. एका वाचकाने विचारलं, हे काय असतं? १३ मे १८०६च्या अंकात संपादकांनी उत्तर दिलं : कोणतीही दारू, साखर, पाणी आणि बिटर्स. चार जिन्नस. त्यात संत्र्याचा रस नाही, चेरी नाही. दारू कोणतीही चालेल असं ते म्हणतात, पण बिटर्सला पर्याय देत नाहीत. पुढे बारवाल्यांनी त्यात निरनिराळी लिकर्स (गोड, सुगंधी दारू) घालायला सुरुवात केली, तेव्हा गिऱ्हाइकं म्हणायला लागली, आम्हाला जुन्या पद्धतीचंच द्या. त्यावरून नाव पडलं ओल्ड फॅशन्ड. त्यात फळं कुस्करून घालायची पद्धत अमेरिकेतल्या दारूबंदीनंतर जास्त फोफावली, आणि तुमच्या पानावरची कृती त्या वळणाची आहे.

आता साखरेचं बघा. सारख्या वजनाच्या साखर-पाण्याच्या ३० मिली पाकात साधारण १८ ग्रॅम साखर असते, म्हणजे चांगले चार चमचे. वर रसातली साखर वेगळी. त्या गोडाखाली दारूची चव लागतच नाही, म्हणून दुसरा ग्लास कधी भरला ते कळत नाही. माझी मुख्य तक्रार हीच आहे. आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. ६० मिलीत जवळपास २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं, सरबतासारखं प्यायलात तरी तेवढंच. कडू असेल तर माणूस घोट घेऊन थांबतो. आमचे हे पूर्वी शनिवारी सोडा घालून दोन मोठे पेग तासाभरात संपवायचे, सोबत शेंगदाणे. आता मी ४५ मिलीचा एक ओल्ड फॅशन्ड करून देते, तो गच्चीत बसून पाऊण तास चालतो आणि दुसरा ते मागत नाहीत. बिटर्स औषध आहे असं मात्र मी म्हणणार नाही. सीगर्टच्या काळी तसं विकलं जायचं, पण दारूला औषध म्हणण्याइतकी मी माझं शिक्षण विसरलेले नाही.

बिटर्स मोठ्या शहरांत मिळतात, लहान गावात मिळत नाहीत, हे खरं. तुमच्या लेखकाने ती ओळ म्हणूनच लिहिली असावी. पण कडू काय फक्त त्रिनिदादहून येतं? काष्ठौषधीच्या दुकानात काडेचिराईत मागा. जेन्शियनच्याच कुळातली वनस्पती आहे ती. कोकणात ओलं किराईत म्हणतात ते वेगळं, दुकानदाराला नीट सांगून घ्या.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा चुकले. चिराईत, मसाले, साल, सगळं एकाच बरणीत घालून तीन आठवडे ठेवलं. दोन थेंबांनी अख्खा ग्लास बिघडला, इतकं जहाल. ओतून द्यावं लागलं. आता दोन बरण्या करते. एकीत १०० मिली व्होडका आणि फक्त २ ग्रॅम काडेचिराईत, तीन दिवस. दुसरीत १५० मिली व्होडका, संत्र्याची सावलीत वाळवलेली साल १० ग्रॅम, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, चार लवंगा, तीन वेलदोडे फोडून, दहा दिवस. रोज सकाळी दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं की बरणी हलवायची, म्हणजे विसरत नाही. मग मलमलीतून गाळून, पुन्हा कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळायचं. शेवटी मसाल्याच्या अर्कात कडू अर्क चमच्याचमच्याने घालत चव बघायची. चव बघताना पाण्यात दोन थेंब टाकून बघा, नुसतं चाखलंत तर जीभ पुढचा तासभर दुसरं काही सांगणार नाही. ड्रॉपर लावलेल्या तपकिरी बाटलीत भरून ठेवायचं. आणखी एक गोष्ट : पाण्याचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिली, पण अल्कोहोलमधल्या अर्काचा थेंब लहान पडतो. त्यामुळे बारवाले दोन डॅश (बिटर्सच्या बाटलीचे दोन झटके) म्हणतात तिथे ड्रॉपरने मोजणाऱ्याने थेंब जास्त धरावेत.

आणि हात जोडून सांगते, औषधाच्या दुकानातलं स्पिरिट, सर्जिकल स्पिरिट, सॅनिटायझर यांत असलं काही कधीही भिजवू नका. त्यात विषारी मिथेनॉल असू शकतं. डोळे जातात, जीवही जातो. पिण्यासाठी विकली जाणारी सीलबंद दारूच घ्यायची. मेट्रोनिडॅझोलचा (जंतुसंसर्गावरच्या औषधाचा) कोर्स, झोपेच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, ग्लासाचं नंतर.

दारूचंही एक. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्क्यांत बऱ्याचदा उसाच्या मळीपासून काढलेलं स्पिरिट मिसळलेलं असतं. मग मळीचीच चव हवी तर सरळ काळी रम का घेऊ नये? मी रमचा ओल्ड फॅशन्ड करते आणि साखरेऐवजी कोल्हापुरी गूळ वापरते. गूळ सारख्याच वजनाच्या पाण्यात कोमट करून विरघळवायचा आणि फडक्यातून गाळायचा, कारण तळाशी बारीक कचकच राहतेच. गूळ आणि कडू एकत्र आले की जी चव लागते ती मराठी माणसाला शिकवावी लागत नाही. पाडव्याला सकाळी कडुनिंबाची पालवी, गूळ, चिंच, ओवा वाटून आपण तीच चव घेत आलोय. आपल्याला कडू आवडत नाही, लोक गोडच मागतात, असं पुण्यातल्या एका हॉटेलच्या बारमध्ये मला सांगितलं गेलं. तिथे ओल्ड फॅशन्डमध्ये ऑरेंज स्क्वॉश होता. कारल्याची भाजी, मेथीची भाजी आवडीने खाणाऱ्या माणसांबद्दल असं कसं म्हणता येईल?

कडू काढून टाकायची ही खोड एकाच ग्लासापुरती नाही. जिनबरोबरच्या टॉनिकमध्ये क्विनीनचा कडवटपणा असतो. टॉनिक वॉटरचं पेटंट लंडनमध्ये १८५८ साली घेतलं गेलं ते क्विनीनसकट. आपल्याकडे त्या जागी लिंबाचा गोड सोडा ओततात आणि नाव जिन-टॉनिकच ठेवतात. निग्रोनी हे कॉकटेल तर जिन, काम्पारी (कडवट इटालियन लिकर) आणि गोड वर्मूथ (वनस्पती घातलेली वाइन) सारख्या मापाने, सगळा खेळ कडवटपणाचाच. त्यातल्या वर्मूथचं नाव जर्मन 'वेर्मूट'वरून आलंय, ते आर्टेमिसिया वंशातलं कडू झुडूप. चैत्रात जोतिबाला वाहतो तो दवणाही त्याच वंशातला. हे कळलं त्या दिवशी मी दवण्याची काडी चुरगळून वर्मूथच्या ग्लासाजवळ धरली होती, आणि दोन्हींचे वास एकमेकांना ओळख देत होते. (वर्मूथ ही वाइन आहे, उघडली की फ्रिजमध्ये ठेवा आणि दीड-दोन महिन्यांत संपवा. कपाटात उभी राहिली की तिचं पाणी होतं.)

आमची निवृत्त नर्स-फार्मासिस्ट बायकांची महिन्याची भिशी आहे. पाचपैकी तिघी घेतात, दोघी घेत नाहीत. न घेणाऱ्यांत आमच्या जुन्या मेट्रन आहेत. त्यांना मी बिटर्सचे थेंबसुद्धा घालत नाही, कारण अंगोस्टुरात ४४.७ टक्के अल्कोहोल असतं आणि न पिणाऱ्याला न सांगता ते देणं म्हणजे फसवणूक. त्यांच्यासाठी काडेचिराईताच्या दोन काड्या रात्री पाण्यात भिजत घालते. त्यातलं चमचाभर पाणी, खडीसाखर, कागदी लिंबू आणि गार सोडा, तोच जाड बुडाचा ग्लास आणि तोच मोठा बर्फ. मागच्या महिन्यात त्यांनी पहिला घोट घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर आपलं जेवणाआधीचं मिक्स्चर!" मग वॉर्डातल्या गोष्टी निघाल्या, त्या जेवणं उरकेपर्यंत संपल्या नाहीत.

तुमच्या पुरवणीत कॉकटेलवर पान येतं याचा मला मनापासून आनंद आहे. मराठी पेपरात हा विषय एक तर पोलिसांच्या बातमीत दिसायचा, नाहीतर दिसायचाच नाही. भाजणीची कृती छापताना आपण जिऱ्या-धण्याचं माप चुकवत नाही, तीच काळजी इथेही घेतली जावी. पुढच्या रविवारी त्याच जागी दुरुस्ती छापावी ही विनंती. मजकूर सोबत देते :

'ओल्ड फॅशन्ड, एका ग्लासासाठी. व्हिस्की किंवा काळी रम ४५ मिली, मापाने. साखर सपाट एक चमचा किंवा गुळाचा पाक दीड चमचा. अंगोस्टुरा बिटर्स दोन डॅश, नाहीतर घरच्या काडेचिराईत अर्काचे चवीप्रमाणे थेंब. साखर, बिटर्स आणि चमचाभर पाणी ग्लासात आधी विरघळवा. लहान स्टीलच्या वाटीत गोठवलेला बर्फाचा एकच मोठा तुकडा टाका, दारू ओता, लस्सीच्या लांब चमच्याने अर्धा मिनिट सावकाश ढवळा. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, तिची पट्टी नीट निघत नाही. मोसंबीची घ्या, ग्लासावर पिळून तिचं तेल उडू द्या आणि साल आत सोडा. रस घालू नये. बिटर्स वगळू नयेत.'

आपली नम्र,
एक निवृत्त फार्मासिस्ट, मिरज