चुकीच्या मूल्यांकन अहवालाबाबत आणि तो दुरुस्त करण्यास दिलेल्या नकाराबाबत तक्रार

प्रति,
मुख्य व्यवस्थापक, गृहकर्ज विभाग
प्रत : नोडल अधिकारी, तक्रार निवारण विभाग

विषय : कोथरूड, पुणे येथील सदनिकेचे चुकीचे मूल्यांकन

महोदय,

आज दुपारी आपल्या कर्ज विभागातील अधिकाऱ्यांनी माझे बोलणे पूर्ण होण्याआधीच फोन ठेवून दिला, म्हणून हे पत्र लिहीत आहे. कागदपत्रे सगळी आपल्याकडेच आहेत, त्यामुळे थेट मुद्द्यावर येते.

कोथरूडमधील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेतील टू बीएचके सदनिका मी ९२ लाख रुपयांना घेण्याचे ठरवले, विसार दिला आणि आपल्याकडे ७२ लाखांच्या कर्जासाठी अर्ज केला. आपल्या पॅनेलवरील मूल्यांककांनी तिची किंमत ७८ लाख ठरवली. ३० लाखांवरील आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेने घरमूल्याच्या ८० टक्क्यांची मर्यादा घातली आहे, आणि त्या नियमाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मात्र त्यामुळे मंजूर रक्कम साडेबासष्ट लाखांच्या आत आली आणि साडेनऊ लाखांची तूट माझ्यावर पडली. मुद्रांक शुल्क कर्जात धरता येत नाही. घर एकट्या स्त्रीच्या नावावर असल्यामुळे मिळणारी एक टक्क्याची सवलत धरूनही ते सव्वापाच लाखांच्या पुढे जाते, आणि ते मी माझ्या बचतीतूनच भरणार आहे.

मालकांशी बोलून भाव कमी करून घ्या, असे त्या वेळी आपल्याच शाखेतून मला सांगण्यात आले. मालक निवृत्त शिक्षक आहेत आणि घर विकून मुलीजवळ नाशिकला राहायला जाणार आहेत. माझ्या हाती तेव्हा फक्त मंजुरीपत्रातला आकडा होता, अहवाल नव्हता. मूल्यांकनाचे शुल्क माझ्याकडून आधीच घेतलेले असूनही तो ‘बँकेचा अंतर्गत कागद’ आहे असे सांगून प्रत नाकारली जात होती. मालकांनी, म्हणजे सरांनी, मंजुरीपत्र दोनदा वाचले, “बँकेने काढलेला आकडा आहे म्हणजे बरोबरच असणार,” असे म्हणाले आणि पत्नीशी आत जाऊन बोलून ८९ लाखांवर आले. बँकेच्या नावावर विश्वास ठेवून त्यांनी तीन लाख सोडले, हे आपण कृपया नीट लक्षात घ्यावे.

बऱ्याच मागणीनंतर अहवालाची प्रत मिळाली, तेव्हा त्या आकड्याचा पाया कळला. नोंदणीकृत खरेदीखतात या सदनिकेचे चटई क्षेत्र ७१५ चौरस फूट आहे, अहवालात मात्र ६४० आहे. ६४० चौरस फूट हे त्याच मजल्यावरील शेजारच्या लहान सदनिकेचे क्षेत्र आहे. भोगवटा पत्र २००३ सालचे असताना इमारत १९९३ची दाखवली आहे, म्हणजे तिचे वय दहा वर्षांनी वाढवले आहे. ‘उद्वाहन : नाही’ अशी नोंद आहे, आणि त्याच अहवालाच्या चौथ्या पानावर मूल्यांककांनी स्वतः काढलेल्या जिन्याच्या छायाचित्रात लिफ्टचे दार आणि त्यावरची ‘सहा व्यक्ती’ ही पाटी स्पष्ट वाचता येते. लिफ्ट नाही असे धरल्यामुळे तुलनेलाही बिनलिफ्टच्या जुन्या इमारती घेतल्या आणि दर चौरस फुटाला १२,२०० रुपये लावला. हा दर मला मान्य नाही, पण वादापुरता तो मान्य केला तरी ७१५ चौरस फुटांची किंमत ८७ लाख २३ हजार होते आणि माझी पात्रता ६९ लाख ७८ हजारांवर जाते. केवळ क्षेत्रफळाचा एक आकडा चुकल्याने माझे सात लाखांहून अधिक कर्ज कापले गेले आहे. याच इमारतीत एवढ्याच क्षेत्राची सदनिका अलीकडे ९१ लाखांना नोंदली गेली आहे. तिचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा, मी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून काढून आपल्याला दिला होता. त्याची पोचही मला मिळालेली नाही.

आता आजच्या फोनबद्दल. मी क्षेत्रफळाचा मुद्दा मांडायला सुरुवात करताच अधिकारी म्हणाले, “मॅडम, व्हॅल्युएशन टेक्निकल असते, ते तुम्हाला नाही कळायचे. मिस्टर आहेत का घरी? त्यांना द्या फोन.” मुख्य अर्जदार मी आहे, घर माझ्या एकटीच्या नावावर होणार आहे आणि हप्ता माझ्या पगारातून जाणार आहे, असे मी सांगितले. त्यावर, “तसे नाही हो, पुरुषमाणसाला व्यवहार पटकन समजतो,” हे उत्तर आले. तरीही मी शांतपणे चौथ्या पानावरच्या लिफ्टकडे लक्ष वेधले. “फोटो फक्त फाइलला लावायला असतात,” असे ते म्हणाले आणि पुढे मला समजावू लागले : “यात तुमचाच फायदा आहे. मालकाला रिपोर्ट दाखवा आणि अजून सात-आठ लाख पाडून घ्या. म्हातारा माणूस आहे, त्याला जायची घाई आहे, देऊन टाकेल.” अहवालच चुकीचा आहे, असे मी म्हटले. “ते मालकाला कुठे माहीत आहे?” असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बँकेच्या पगारावर बसलेला माणूस बँकेच्या शिक्क्याचा चुकीचा कागद पुढे करून एका वृद्ध दांपत्याला फसवायला मला सांगतो, याचा मला संताप आला आहे आणि तो मी लपवणार नाही. भाव करणे हा व्यवहाराचा भाग आहे आणि मी तो करते, पण खऱ्या आकड्यावर. चूक मी सरांना आजच कळवली आहे. अहवाल दुरुस्त झाला की किमतीचे बोलणे आम्ही नव्याने करू.

माझ्या वडिलांचे पेन्शन आपल्याच बँकेत जमा होत असे आणि माझे पगाराचे खातेही पहिल्या नोकरीपासून इथेच आहे. अशा बँकेकडून हे ऐकावे लागेल असे मला वाटले नव्हते. मूल्यांककांची नेमणूक आणि मूल्यांकन यांसाठी संचालक मंडळाने मंजूर केलेले धोरण बँकेकडे असणे बंधनकारक आहे. लिफ्टचे छायाचित्र जोडून लिफ्ट नाही असे लिहिणारा अहवाल त्या धोरणात बसतो का, याचे उत्तर मला लेखी हवे आहे.

पॅनेलवरील दुसऱ्या मूल्यांककाकडून, माझ्याकडून पुन्हा शुल्क न घेता, खरेदीखत आणि भोगवटा पत्र समोर ठेवून फेरमूल्यांकन करावे आणि त्यानुसार मंजुरी सुधारावी. विसारपावतीची मुदत जवळ येत आहे, त्यामुळे हे काम तातडीने व्हावे. फोनवर बोललेल्या अधिकाऱ्यांनी माझी लेखी माफी मागावी आणि माझ्या फाइलशी त्यांचा संबंध राहू नये. आपले फोन ध्वनिमुद्रित होतात असे प्रत्येक वेळी ऐकवले जाते. आजचे ध्वनिमुद्रण आपण स्वतः ऐकावे आणि ते जपून ठेवावे.

तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मी हे पत्र, खरेदीखत आणि अहवालाचे चौथे पान जोडून तक्रार दाखल करीन. विसाराची मुदत त्याआधी संपत असल्यामुळे दुसऱ्या बँकेकडे अर्ज मी उद्याच करत आहे. कर्ज तिथे मंजूर झाले तर पगाराचे खातेही तिकडेच जाईल.

आपली,
मुख्य अर्जदार

सोबत : खरेदीखत, भोगवटा पत्र, इंडेक्स टू आणि मूल्यांकन अहवाल यांच्या प्रती