आई, त्या रात्री तू साडी धूत होतीस

बर्मिंगहॅम,
१८ जानेवारी २०२६

ती. सौ. आईस,
सा. नमस्कार.

फोनवर हे सांगायला जाते, तेवढ्यात तू "जेवलीस का?" विचारतेस, मी "हो" म्हणते आणि राहूनच जातं. म्हणून आज रविवारी लिहायला बसले. आप्पांना सगळं वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. पैशाचं तेवढं त्यांना सांगावं लागेल.

डिसेंबरात तीन आठवडे मी रजेवर होते. तू व्हिडिओ कॉलवर विचारलंस, "आज घरी कशी?" तेव्हा मी नाइट आहे म्हणाले. नाइट नव्हती. खोटं बोलले, आई. मी दिवस दिवस पडदे ओढून पडून होते. ताप नाही, कुठं दुखत नाही. डॉक्टरनं कागदावर लिहिलं, कामाचा ताण. इथं सगळे त्याला बर्नआउट म्हणतात. तू नर्सबाई म्हणून आयुष्य काढलंस, तेव्हा तुला कामाच्या भाषेतच सांगते.

इमर्जन्सीत आलेला प्रत्येक माणूस आधी ट्रायाजला येतो, म्हणजे तो किती गंभीर आहे आणि त्याला किती वेळात बघायचं ते ठरतं. मँचेस्टरला ठरलेली पाच रंगांची पद्धत आहे. लाल म्हणजे लगेच, नारिंगी दहा मिनिटांत, पिवळा तासाभरात, हिरवा दोन तासांत, निळा चार तासांत. शिवाय चार तासांच्या आत रुग्णाला एकतर घरी नाहीतर वॉर्डात पाठवायचं, असं सरकारचं उद्दिष्ट आहे. शंभरातल्या ९५ जणांच्या बाबतीत तरी ते पाळलं जावं, अशी अपेक्षा. जुलै २०१५ नंतर इंग्लंडचा आकडा एकदाही ९५ ला पोचलेला नाही. माणसं कामचुकार झाली म्हणून हे झालेलं नाही. वॉर्डातली म्हातारी माणसं बरी होतात, पण घरी बघायला कोणी नसतं, म्हणून त्यांची खाट सुटत नाही. खाट सुटत नाही म्हणून आमची ट्रॉली अडकते, आणि ट्रॉली अडकली की बाहेर ॲम्ब्युलन्स रुग्णासकट उभी. मग आम्ही माणसांना कॉरिडॉरमध्ये ठेवतो. भिंतीला लागून ट्रॉल्यांची रांग. पडदा नाही, बोलवायला घंटा नाही. इथल्या नर्सेसच्या संघटनेनं, रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगनं, गेल्या वर्षी जानेवारीत पाच हजारांवर नर्सिंग कर्मचाऱ्यांचे अनुभव गोळा करून यावर अहवाल काढला. मी तो वाचायला घेतला आणि थोड्या पानांनंतर मिटून ठेवला. प्रत्येक पानावर मीच होते.

आता नोव्हेंबरातलं सांगते. कॉरिडॉरमध्ये एक आजोबा होते, आमच्या अण्णा आजोबांच्या वयाचे. त्यांनी पाणी मागितलं. मी म्हणाले, पाच मिनिटांत आणते. तेवढ्यात रिससमध्ये, म्हणजे अगदी गंभीर रुग्णांच्या खोलीत, हाक आली, तिथं एका तरुण मुलाची छाती दाबायला लागले. नंतर आणखी एक आलं, आणखी एक. पाणी घेऊन गेले तेव्हा दीड तास झाला होता. आजोबा मलाच म्हणाले, "सॉरी, तुम्हाला त्रास दिला." पाण्यामुळं त्यांचं काही बिघडलं नाही, ते वॉर्डात गेले. तीन दिवसांनी माझी मल्याळी मैत्रीण जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, ते आजोबा गेले. मी विचारलं, "कोणते?" ती म्हणाली, "अगं, पाणी मागणारे." मला चेहरा आठवेना. मी "बरं" म्हणाले आणि डबा उघडला. पोळीभाजी खाल्ली. चवीनं खाल्ली, आई. आणि त्यात काही चुकतंय असंही वाटलं नाही.

वाटलं ते चार दिवसांनी. सोहो रोडवर बाजरीचं पीठ घ्यायला गेले होते. काउंटरवरच्या मशीनचा पिं पिं आवाज सुरू झाला आणि माझा हात आपोआप समोरच्या बाईच्या मनगटाकडं गेला. नाडी बघायला. ती दचकली. मी पीठ तिथंच टाकलं आणि बाहेर येऊन बसस्टॉपवर बसले. तीन बस सोडल्या. साडेचारलाच अंधार पडतो इथं, तो पडला तरी उठवेना.

मैत्रिणीच्या ते आधीच लक्षात आलं होतं. ती म्हणाली, "तू हल्ली पेशंटना नावानं हाक मारत नाहीस. 'सहा नंबरची छाती', 'नऊ नंबरचा पाय' म्हणतेस." खरं होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची तीन लक्षणं नोंदवली आहेत. शक्ती संपून गेल्यासारखा थकवा, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. माझ्यात तिन्ही होती. पण त्याच नोंदीतल्या दुसऱ्या गोष्टीनं मला जास्त धीर दिला. तो आजार म्हणून नोंदलेला नाही. कामाच्या जागी साचत गेलेला, नीट न हाताळलेला ताण, असं म्हटलंय. म्हणजे माझ्यात काही खोट नाही. हे वाक्य मी तुझ्यासाठी लिहिते आहे, कारण तुझ्या मनात पहिला प्रश्न तोच येईल, "माझ्या पोरीचं काय चुकलं?"

रजा घ्यायला मी फार घाबरले. वाटलं, इथला व्हिसा नोकरीला बांधलेला, रजा घेतली की परत पाठवतील. युनियनच्या बाईंनी समजावलं, आजारपणाच्या रजेनं व्हिसा जात नाही. पहिले सात दिवस आपण स्वतः लिहून द्यायचं, पुढं डॉक्टरचा कागद. एवढी साधी गोष्ट, आणि मी ती चार वर्षांत कधी विचारली नव्हती. इथं नव्या येणाऱ्या आपल्या मुलींना मी आता पहिल्या दिवशीच सांगते.

त्या तीन आठवड्यांत पहिला आठवडा नुसती झोपले. दुसऱ्यात कालव्याच्या काठानं चालायला लागले, रोज तासभर, फोन घरी ठेवून. शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडले. समुपदेशक बाई होत्या, सहा वेळा भेटले. त्यांना आजोबांचं सांगताना मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून इतकं बरं वाटलं की मी त्यांना तसं सांगितलंसुद्धा. वाटेनासं झालं होतं ना, ते परत वाटायला लागलं.

नव्या वर्षापासून कामावर आहे. आधी आठवड्याला दोन छोट्या शिफ्ट, आता तीन. बारा तासांचा लाँग डे पुढच्या महिन्यात. आमच्या सिस्टर-इन-चार्जनी एक नवीन गोष्ट सुरू केलीय, तुला आवडेल. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जॉनाथन बार्टल्स या नर्सनं ती रूढ केली. रिससमध्ये माणूस गेला की यंत्रं बंद करायची आणि सगळ्यांनी जागच्या जागी मिनिटभर उभं राहायचं. डॉक्टर, नर्स, सफाईवाले, सगळे. आधी कोणीतरी म्हणतं, हे कुणाचे तरी वडील होते, कुणाची तरी आई होती. मग शांतता. नुकतीच, भोगीच्या दिवशी, मी अशी उभी राहिले. गेलेल्या बाईंचे लोकरीचे मोजे होते, एक पायात, एक हातात. ते मोजे मला आजही आठवतात, चेहराही आठवतो. त्या दिवशी भाकरीला तीळ लावायला घरी पोचेपर्यंत रात्र झाली, पण लावले.

आता पैशाचं. नेहमीच्या ड्युटीखेरीज मी महिन्याला चार-पाच बँक शिफ्ट, म्हणजे जादा ड्युट्या, घ्यायचे, त्याचेच जास्तीचे पैसे घरी यायचे. त्या शिफ्ट मी या वर्षी घेणार नाही. वरच्या मजल्याचा स्लॅब या उन्हाळ्यात होणार नाही. आप्पा नाराज होतील. त्यांना सांग, दादाच्या फीला हात लागणार नाही, त्याचं मी बघते. स्लॅब पुढच्या वर्षी. आणि तू मधे पडून "तिला सवय होईल" असं म्हणू नकोस. सवय झाली होती, आई. तीच तर अडचण होती.

एक विचारायचंय. मी चौथीत होते, २००३ चं साल, दुष्काळाचं. गावात टँकर येत होता. तू आम्हाला तोंड धुवायला तांब्याभर पाणी मोजून द्यायचीस. एका रात्री उपकेंद्रातून तुला बोलवायला आले. तेव्हा १०८ नव्हती. कुणाची तरी जीप मिळेपर्यंत उशीर झाला, आणि ती बाळंतीण साताऱ्याला पोचायच्या आधीच गेली, हे मला खूप वर्षांनी मावशीकडून कळलं. त्या रात्री मी आवाजानं जागी झाले. तू पहाटे हौदापाशी बसून साडी धूत होतीस. तीन बादल्या पाणी घालवलंस. साडी स्वच्छ झाली होती, तरी धूत होतीस. मी दारातून बघितलं, तुला हाक मारली नाही. सकाळी तू दुसरी साडी नेसून पल्स पोलिओच्या डब्यासह निघून गेलीस आणि घरात त्यावर कधी बोलणं झालं नाही. आम्हीही विचारलं नाही.

तुझ्यासोबत त्या रात्री कोण होतं? तुला रजा कोणी दिली असती? तिचं नाव तुला आठवतं का?

बुधवारी मला सुट्टी आहे. तुमच्याकडच्या संध्याकाळी सहाला फोन करते. आप्पा त्या वेळी देवळात असतात. मला त्या बाईबद्दल सांग. जेवलीस का, ते नंतर विचार.

तुझी,
धाकटी